मुरबाडची रानभाजी फेरी: मावशींसाठी नक्की जा, आयोजकांनी मात्र सुधारायला हवं

माणशी ९०० रुपये, सकाळी साडेसात ते दुपारी दोन, शेवटी जेवण. पहिल्या पावसानंतर मुरबाड तालुक्यात निघणाऱ्या या फेरीला पैसे मोजावेत का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. मोजावेत. त्याचं श्रेय मात्र आपल्याला रानात फिरवणाऱ्या ठाकर आदिवासी मावशींचं आहे. आयोजकांबद्दल पुढे लिहिते.

मी ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. झाड ओळखून दाखवणाऱ्या सहली मी पुष्कळ केल्यात आणि त्यांचा मला कंटाळाही आला आहे: पान दाखवलं, नाव सांगितलं, फोटो काढला, पुढे चला. मावशींची रीत तशी नाही. त्या एका जागी उकिडव्या बसतात, पालापाचोळा हाताने बाजूला करतात आणि ही भाजी खायची कशी, कधीपर्यंत खायची आणि कोणाला द्यायची नाही, इथून सुरुवात करतात. नाव सगळ्यात शेवटी, तेही कोणी विचारलं तर.

शेवळाचंच बघा. सुरणाच्या जातकुळीतली ही वनस्पती, अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. पाऊस पडला की आधी फूल जमिनीतून वर येतं, पान मागून. जूनमध्ये कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात आदिवासी बायका याच्या जुड्या घेऊन बसतात, शेजारी काकडांचा, म्हणजे काकड नावाच्या झाडाच्या आंबट-तुरट फळांचा, वाटा असतो, आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा काकडं न घेताच निघून जातं. मावशींना एका करवंदीच्या जाळीखाली तीन शेवळं मिळाली. मिटलेली दोन त्यांनी बुडाशी धरून अलगद मोडली, कंदाला धक्का लावला नाही. तिसरं उमललेलं होतं, त्याला कुजकट वास येत होता. ते तसंच ठेवलं. ‘‘उघडलं ते आपलं नाही, माशांचं,’’ म्हणाल्या. वर्गात मी हेच परागीभवन म्हणून शिकवते. कुजका वास कीटकांना बोलावतो, तेव्हा कुठे फळ धरतं आणि बी पडतं.

घरी पडवीत बसून त्यांनी शेवळं साफ केली, ते या फेरीतलं सगळ्यात मोलाचं. वरचं तपकिरी वेष्टण सोललं, मग आतल्या दांड्यावरचा पिवळसर, दाणेदार भाग नखाने नेमका खुडून टाकला. ‘‘हे घशाला धरतं.’’ काकडं पाट्यावर ठेचली, पाण्यात कोळून पिळली, चोथा टाकून ते आंबट-तुरट पाणी भाजीत ओतलं. सुरण, अळू, शेवळं या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजतो तो त्यांच्यामुळे. कुठला भाग टाकायचा आणि कुठल्या झाडाचं बोराएवढं फळ त्यावर चालतं, हे पिढ्यान्‌पिढ्या खाऊन पाहून ठरलेलं आहे. मोबाईलच्या ॲपने झाड ओळखलं तरी काकड कोण सांगणार? नुसत्या नावाच्या भरवशावर कोणी ही भाजी शिजवली, तर दिवसभर घसा धरून बसेल.

फोडशी, टाकळा, कुर्डू, भारंगी हे सगळं वाटेत मिळालं. फोडशीचा मधला कडक दांडा काढायचा, टाकळा फुलावर यायच्या आत खुडायचा, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. करटोलीच्या वेलीपाशी मात्र मी वही काढली. मावशींचं म्हणणं, ज्या वेलाला फळ धरत नाही तोही उपटायचा नाही, तो गेला तर शेजारच्या वेलाचंही फळ जातं. करटोलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात, त्यामुळे हे शंभर टक्के बरोबर आहे. कळलावीचा कोंब दिसला तेव्हा त्यांनी आमच्यातल्या एका लहान मुलाचा हात धरून त्याला मागे ओढलं आणि पानाचं शेंडीसारखं वळलेलं टोक लांबूनच दाखवलं. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, जीव जाऊ शकतो. त्यांनी एवढंच सांगितलं की हिला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

आता आळिंबं, म्हणजे रानातली अळंबी. फेरीच्या जाहिरातीत ‘वारुळावरची आळिंबं पाहा’ असं ठळक छापलंय. मावशींनी ती जागा दाखवायला साफ नकार दिला, आणि दोघातिघांनी पैसे परत मागितले. मी पूर्णपणे मावशींच्या बाजूने आहे. ही अळंबी वाळवीच्या वारुळाशी बांधलेली असते, वारूळ खणलं की संपलं. पंचवीस माणसं तिथे उभी राहिली, फोटोबरोबर ठिकाण टाकलं, की पुढच्या पावसात तिथे गाड्या येणार. शिवाय अळंबी ओळखण्यात चूक झाली तर दुरुस्तीला वाव नसतो. जी वस्तू मावशींनी देऊ केलीच नव्हती ती आयोजकांनी परस्पर विकली, दोष तिथे आहे.

आणि पैशांचा हिशेब. मी विचारलं तेव्हा कळलं की मावशींना दिवसाची ठरावीक मजुरी मिळते, माणसं दहा येवोत की पंचवीस. हे मला पटलेलं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या आणि लोकांची जैवविविधता नोंदवही आणली, लाभाची वाटणी हा शब्दही त्यातलाच. केरळात काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा नावाची वनस्पती संशोधकांना दाखवली, त्यातून ‘जीवनी’ हे औषध झालं, आणि १९९५ मध्ये ते बनवायचा परवाना औषध कंपनीला देताना मिळालेल्या १० लाखांतला आणि २ टक्के रॉयल्टीतला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं. ती व्यवस्थाही काही निर्दोष नव्हती, पण निदान वाटा मान्य झाला होता. इथे तर सगळी फेरीच मावशींच्या डोक्यात आहे. त्यांना माणशी हिस्सा द्या, फलकावर त्यांचं नाव ‘मार्गदर्शक’ म्हणून आयोजकांच्या वर छापा. हे मी आयोजकांना लेखी कळवलं आहे.

गर्दीचंही बघायला हवं. पंचवीस जणांच्या पायाखाली टाकळ्याची कोवळी रोपं तुडवली जातात आणि मागच्यांना मावशींचं बोलणं ऐकू येत नाही. दहा जणांच्या वर नेऊ नये. लॅमिनेट केलेली इंग्रजी कार्डं कशाला दिली, तेही कळलं नाही, मावशींना ती वाचता येत नाहीत आणि आम्हाला लागली नाहीत.

जेवण उत्तम: तांदळाची भाकरी, शेवळाची भाजी, टाकळा, वर भाजलेला जवळा. घसा अजिबात खाजला नाही. शाकाहारी असाल तर आधी सांगा.

मावशींना पाचपैकी पाच, आयोजनाला दोन. जायचंच तर शेवळांसाठी जूनचा मध्य गाठा, करटोली जुलैनंतर, चाई या रानवेलीचा मोहर ऑगस्टच्या सुमाराला. पायात बंद बूट, हातात कापडी पिशवी. नाव नोंदवताना ‘फेरी मावशीच घेणार ना?’ हे फोनवर पक्कं करून घ्या. रविवारी दोन तुकड्या निघतात आणि दुसरीबरोबर शहरातला एक मुलगा असतो, तो ॲप बघून नावं सांगतो.