शिरोलीतील आमच्या फौंड्रीत यूटीएम बसवून घेतले, त्या सेवेविषयी

आमच्या शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीत आम्ही नुकतेच ६०० किलोन्यूटन क्षमतेचे यूटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, म्हणजे धातूचा तुकडा ताणून किंवा दाबून त्याची ताकद मोजणारे यंत्र) घेतले. ते बसवून चालू करून देणाऱ्या पथकाच्या कामाविषयी येथे लिहीत आहे.

पायाचा नकाशा त्यांनी वेळेवर पाठवला होता. फाउंडेशन बोल्टांचे ग्राउटिंग (बोल्टांभोवती घट्ट होणारे मिश्रण भरणे) झाल्यावर, ग्राहकाचे ऑडिट तोंडावर आल्यामुळे, आम्ही दुसऱ्याच दिवशी यंत्र चालू करण्याचा आग्रह धरला; परंतु ग्राउट पुरते पक्के होईपर्यंत बोल्ट आवळण्यास अभियंत्यांनी स्पष्ट नकार दिला आणि बोल्ट आवळल्यानंतर लेव्हल पुन्हा तपासली, तेव्हा ती किंचित हललेली आढळली. त्या वेळी त्यांचा राग आला होता, आज त्यांचे आभार मानतो.

खरी कसोटी विजेची होती. आमची इंडक्शन फर्नेस (धातू वितळवणारी विजेची भट्टी) सुरू झाली की यंत्रावर भार नसतानाही पडद्यावरचा आकडा थरथरत असे. लोडसेलचा (भार मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो, त्यामुळे त्यात असा गोंधळ सहज मिसळतो. पथकाने न्यूट्रल आणि अर्थ यांमधील व्होल्टेज मोजून दाखवले, यंत्रासाठी स्वतंत्र अर्थिंग करायला लावले आणि सिग्नलची केबल पॉवर केबलपासून दूर नेली. त्यानंतर आकडा स्थिर झाला.

यंत्र बनवणाऱ्या कारखान्यातील कॅलिब्रेशनचे (अचूकता तपासल्याचे) प्रमाणपत्र सोबत असतानाही, सुटे करून आणलेले यंत्र जागेवर पुन्हा तपासलेच पाहिजे, असे त्यांनी आम्हाला समजावले. त्याप्रमाणे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून क्षमतेच्या २० ते १०० टक्क्यांदरम्यान पाच ठिकाणी, प्रत्येकी तीन वेळा भार तपासण्यात आला आणि चूक १ टक्क्याच्या आत राहिली. मगच आमच्या ४५०/१० ग्रेडच्या एसजी आयर्नचा (गोलाकार ग्राफाइट असलेल्या लवचिक ओतीव लोखंडाचा) पहिला चाचणी-तुकडा यंत्रावर तोडला.

दोन तक्रारी मात्र आहेत. हायड्रॉलिक तेलाचा खर्च कोटेशनमध्ये नव्हता, तो ऐनवेळी आमच्यावर पडला. शिवाय प्रशिक्षण अर्ध्या दिवसात उरकले. एक्स्टेन्सोमीटर (तुकडा किती ताणला गेला ते मोजणारे उपकरण) तुकड्यावर नीट कसा लावावा आणि तुकडा तुटण्यापूर्वी तो केव्हा काढावा, हे आमच्या मुलांना पुढे फोनवर विचारत शिकावे लागले. नवे यंत्र घेणाऱ्यांनी प्रशिक्षणाचे किमान दोन दिवस आणि तेल, या दोन्ही गोष्टी ऑर्डरमध्येच लिहून घ्याव्यात.