बर्फात कॅमेरा कोणत्या मोडवर ठेवावा: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी की मॅन्युअल?

हिवाळ्यात हिमाचलमधल्या स्पितीला निघालेल्या छायाचित्रकाराला हा प्रश्न पडतोच. पहिल्या मोडमध्ये भिंगाचे छिद्र आपण ठरवतो आणि शटरचा वेग कॅमेरा; मॅन्युअलमध्ये दोन्ही आपणच ठरवतो. दोन्ही पद्धतींनी काम केल्यावर माझा कल एकीकडे झुकला आहे. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम राखाडी गृहीत धरतो आणि त्यामुळे शुभ्र बर्फ मळकट उतरतो, हे आपणास ठाऊक असेलच. सह्याद्रीतल्या काळ्या कातळामुळे ज्यांचा हात आपसूक एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी घेतलेला प्रकाश, कमी करण्याकडे वळतो, त्यांना इथे नेमके उलट, एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवून द्यावे लागतात. ही वाढ मीटरच्या हिशेबात घालावी की मीटरच बाजूला ठेवावा, एवढेच ठरवायचे असते.

अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीची सोय मी नाकारत नाही. गुलमर्गला ढगांची ये-जा चालू असेल, झाडांतून चालताना ऊन-सावली पावलागणिक बदलत असेल, तर शटरचा हिशेब कॅमेऱ्यावर सोपवलेला बरा.

स्पितीतल्या किब्बरला मात्र याच सोयीने माझे नुकसान केले. सुमारे ४२०० मीटर उंचीवरच्या त्या गावाबाहेर भरल या रानमेंढ्यांचा कळप बर्फाचा उतार ओलांडून तपकिरी कड्याकडे निघाला होता. कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात घातलेली वाढ, अधिक १.३ स्टॉपवर होते, ऊन लख्ख होते आणि प्रकाश तसूभरही बदलत नव्हता. पहिल्या फ्रेममध्ये बर्फ हवा तसा आला. पण कडा चौकटीत शिरू लागला तसतसा मीटर दृश्य गडद समजून शटर मंद करून जास्त प्रकाश घेत गेला, आणि शेवटच्या चार फ्रेममध्ये बर्फ इतका पांढराफटक पडला की खुरांचे ठसे आणि वाऱ्याने उमटवलेल्या बारीक लहरी पार पुसल्या गेल्या. कॅमेऱ्याने टिपलेला सगळा तपशील राखणाऱ्या रॉ फाइलमधूनही त्या परत मिळाल्या नाहीत. नऊ फ्रेममध्ये बर्फाच्या नऊ छटा असल्यामुळे एकच दुरुस्ती सगळ्यांना लावणेही जमले नाही. शिवाय जॅकेटमधून कॅमेरा काढताना जाड हातमोज्याने कॉम्पेन्सेशनची डायल नकळत फिरते, तो त्रास वेगळाच.

दुसऱ्या दिवशी मी मॅन्युअलवर आलो. उन्हातल्या बर्फाची एक चाचणी फ्रेम घेतली, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या म्हणजे सर्वांत उजळ कडेच्या जरा अलीकडे थांबेल असे पाहिले आणि छिद्र एफ/८, शटर १/८०० सेकंद आणि संवेदनशीलता आयएसओ १०० ही जुळणी कायम ठेवली. मग चौकटीत काळा याक आला काय किंवा ‘की’ नावाच्या बौद्ध मठाच्या पांढऱ्या भिंती आल्या काय, बर्फाचा रंग एकच राहिला. कदाचित माझी कामाची पद्धतच संथ असल्यामुळे मला हे अधिक मानवत असेल, पण स्पितीच्या निरभ्र दुपारी तरी मी आता दुसरा मोड लावत नाही.

दरीत सावली उतरली की ही जुळणी निरुपयोगी ठरते, हे खरे. तेव्हा हातमोजा काढून नवी चाचणी फ्रेम घ्यावी लागते आणि बोटे बधिर होतात. तरी भरलांच्या त्या चार फ्रेम गमावल्यानंतर मला हे अर्धे मिनिट जड वाटत नाही.