जुळणाऱ्या जोड्यांची संभाव्यता : डिचोलीतील एका शिकवणी वर्गाविषयी अभिप्राय

डिचोलीच्या बाजारपेठेजवळ एका घराच्या माडीवर रविवारी सकाळी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी गणिताचा छोटा वर्ग भरतो. एका सत्रात एकच विषय घ्यायचा, असा तेथील शिरस्ता आहे. यादृच्छिक निवडीत जुळणारी जोडी मिळण्याच्या संभाव्यतेवरील सत्राला पालकांनाही बसण्याची मुभा असल्यामुळे मी मुलीसोबत पूर्ण वेळ बसलो, आणि हा अभिप्राय तेवढ्या सत्रापुरताच आहे.

सत्राचा बहुतांश वेळ एकाच उदाहरणावर गेला, आणि तो योग्य ठिकाणी गेला असे माझे मत आहे. जत्रेच्या दिवशी देवळाबाहेर वेगवेगळ्या ५ जोडांच्या १० चपला मिसळून पडल्या आहेत. त्यांतील कोणत्याही ४ न पाहता उचलल्या, तर निदान एक जोड जुळण्याची संभाव्यता किती? एकूण निवडी २१० होतात, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. पुढे मात्र बहुतेक मुलांनी जुळणारा जोड ५ प्रकारे आणि उरलेल्या ८ चपलांतून कोणत्याही दोन २८ प्रकारे निवडून १४० हा आकडा काढला व उत्तर २/३ असे लिहिले. शिक्षकांनी ते खोडले नाही. दोन्ही जोड पूर्ण जुळतात अशी एखादी निवड फळ्यावर मांडून ती आपल्या मोजणीत किती वेळा आली, एवढेच त्यांनी विचारले. अशा १० निवडी प्रत्येकी दोनदा मोजल्या गेल्या होत्या, हे मुलांनीच शोधले; १४० मधून १० वजा करून १३० आणि उत्तर १३/२१ आले.

याच उत्तराचा पडताळा नंतर दोन वाटांनी घेतला गेला. एकही जोड न जुळण्यासाठी ५ पैकी ४ जोड निवडून प्रत्येकातील डावी किंवा उजवी चपल घ्यावी लागते, म्हणजे ५ × १६ = ८० निवडी, आणि २१० मधून त्या वजा केल्या की पुन्हा १३०. चपला एकामागून एक उचलल्या असे मानले, तर जोड न जुळण्याची संभाव्यता ८/९ × ६/८ × ४/७, म्हणजेच ८/२१ येते. चारही एकदम उचलल्या काय किंवा परत न ठेवता एकेक उचलल्या काय, उत्तर बदलत नाही, ही पुष्कळांच्या मनातील शंका तेथेच मिटली. मला सर्वांत आवडला तो यानंतरचा भाग. २/३ हे उत्तर या प्रश्नाचे नसले, तरी ४ चपलांत सरासरी किती जोड जुळतील या प्रश्नाचे ते अचूक उत्तर आहे, कारण १२० निवडींत एक आणि १० निवडींत दोन जोड मिळतात, आणि अशा सर्व जोडांची बेरीज १२० + २०, म्हणजे तेच १४० भरते. पाठ्यपुस्तकाच्या घाईत एवढे सांगायला कोण थांबतो?

डाव्या चपला एका पेटीत व उजव्या दुसऱ्या पेटीत असतील आणि प्रत्येकीतून एक काढली, तर जोड जुळण्याची संभाव्यता १/५ होते. सरमिसळ ढिगातून दोन काढल्यास ती १/९ असते. हा फरक चांगला समजावला गेला. मोज्यांचा भाग मात्र उरकला. मोज्यांत डावे-उजवे नसते, केवळ रंग जुळावा लागतो, त्यामुळे ६ पांढऱ्या आणि ४ काळ्या मोज्यांतून दोन काढताना (१५ + ६)/४५, म्हणजे ७/१५ हे उत्तर येते. पण चपलांची पद्धत येथे का चालत नाही, हे मुलांना घरी येऊन पुन्हा विचारावे लागले.

सरावपत्रिकेबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. तिच्यात ‘एक जोड मिळण्याची संभाव्यता’ असा मोघम प्रश्न छापला असून उत्तर मात्र निदान एका जोडाचे दिले आहे. नेमका एकच जोड असा अर्थ घेतला, तर उत्तर १२०/२१०, म्हणजे ४/७ येते आणि बरोबर विचार करणारा विद्यार्थी स्वतःलाच चुकीचा ठरवतो. शेवटच्या पानावरील सामान्य सूत्रही स्पष्टीकरणाविना दिलेले आहे.

शिकवणे मराठीतून आणि सूत्रांची नावे इंग्रजीतून, ही पद्धत आमच्याकडील मुलांना सोयीची आहे. शुल्क माफक आहे. ज्यांना क्रमचय (क्रम धरून केलेली निवड) आणि संयोग (क्रम न पाहता केलेली निवड) यांतील फरक अजून पक्का झालेला नाही, त्यांनी तो आधी घरी वाचून जावे, कारण वर्गात त्याची उजळणी होत नाही. जेईईसाठी वेगाचा सराव हवा असणाऱ्यांना येथे फारसे काही मिळणार नाही.