जहाजावरची कोरीव फळी की कापराची पेटी?

हात चिनी आणि गिऱ्हाईक इंग्रज, अशा जुन्या लाकूडकामाची हौस असेल तर बाजारात हटकून दोन वस्तू समोर येतात. एक, ‘जहाजाच्या सलूनमधली’, म्हणजे बैठकीच्या दालनातली, म्हणून दाखवली जाणारी कोरीव सागवानी फळी. दुसरी, जहाजांचे कप्तान आणि अधिकारी चीनमधल्या कँटन बंदरातून घेत ती पितळी कोपऱ्यांची, कापराच्या लाकडाची पेटी.

फळी बघताक्षणी भुरळ घालते. कडेला दोरखंडासारखा पीळ, कोपऱ्यांत अकँथस या झाडाची कातरलेली पानं, हा सगळा इंग्रजी आराखडा. मधे मात्र ड्रॅगन, आणि त्याच्याभोवती ढग, लाटा, फुलं. रिकामी जागा कुठेच ठेवलेली नाही. पानाखाली बोट घाला: कारागिरानं खालून पोखरून ते उचललेलं असतं, त्यामुळे दिवा तिरका धरला की सावली पडते.

पण हीच फळी हाँगकाँगच्या एखाद्या बंगल्यातल्या कपाटाचीही असू शकते. म्हणून आधी उलटी करा. जहाजावर स्क्रू आत बसवून वर लाकडी बूच ठोकत. ती गोल बुचं शोधा. कोपऱ्यांत वार्निशचे थरावर थर साचलेले हवेत. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० नंतरचा, म्हणजे निदान डागडुजी तरी अलीकडची.

पेटी कुठल्या जहाजावरची, हे सिद्ध करावं लागत नाही. कड्या लाकडात खोल बसवलेल्या असतात, केबिनच्या अडचणीत कशाला अडकू नयेत म्हणून. झाकण उघडा. वास मंदावला असेल तर आतून जरासा पॉलिशपेपर फिरवा, कापूर परत दरवळतो. एक सावधगिरी: अंगभर डोंगर-देवळं कोरलेल्या पेट्या बहुतेक विसाव्या शतकातल्या, पर्यटकांसाठी केलेल्या. जुनी पेटी सहसा साधी असते, नक्षीच्या नावाखाली फक्त पितळ.

(जाता जाता: १८४२चा नानकिंगचा तह, ज्यानं हाँगकाँग ब्रिटिशांना मिळालं, तो ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला. ते मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, सागवानीच.)

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर मी पेटी घेईन; रोज वापरातही येते. कोरीव कामावरच जीव जडला असेल तर फळी घ्या, पण कागद नसताना जहाजाच्या नावाचे वेगळे पैसे मोजू नका. आणि परदेशात राहणाऱ्यांनो, भारतात घेतलेली १०० वर्षांवरची वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, १९७२चा पुरातन वस्तूंचा कायदा आड येतो. तेव्हा ती लंडनच्या घरासाठी असेल तर तिकडेच शोधा.