जिरोकास्तरची खोली आणि भाऊजींचा ओटीपी

आधी आकडा सांगते. ६६ हजार रुपये गेले. त्यातले निम्मे माझे, निम्मे माझ्या मोठ्या दिरांचे. त्यांचे गेले ते माझ्यामुळे, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, भाऊजी आणि वहिनी, ग्रीसला जाऊन तिथूनच अल्बानियात तीन रात्री राहून येणार होतो. कॉर्फू बेटावरून अल्बानियाचा किनारा समोर दिसतो, जलद बोट अर्ध्या-पाऊण तासात सारांदा बंदराला लावते. शेंगेन व्हिसा (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे पुन्हा पुन्हा शिरता येणारा असेल आणि एकदा वापरून झालेला असेल, तर आपल्याला अल्बानियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. (सिंगल एंट्रीवाल्यांनी या भानगडीत पडू नये, परत ग्रीसमध्ये शिरता येणार नाही.) सारांद्याहून बसनं दीड तासाच्या आत जिरोकास्तर. डोंगरउतारावरचं दगडी गाव. भिंती दगडी, रस्ते दगडी, छपरांवरसुद्धा कौलांच्या जागी दगडाच्या फरशा. २००५ साली युनेस्कोच्या यादीत आलं. चाळीस वर्षं देश मुठीत ठेवणारा एन्वर होजा १९०८ मध्ये इथेच जन्मला आणि इस्माइल कादारे हा लेखक १९३६ मध्ये इथेच. एवढ्याशा गावात दोघं, याचं मला भारी कुतूहल होतं.

पण खरं सांगायचं तर मी भुलले एका छताला. जुन्या तुर्की अमदानीतल्या घरांचं तिथं हॉटेल करतात. त्यातल्या एका खोलीचा फोटो होता : कोरीव लाकडी छत, कोपऱ्यात शेकोटी, खिडकीखाली भिंतभर बैठक. फेब्रुवारीतच दोन खोल्या धरून ठेवल्या. तीन रात्रींचे मिळून ३३० युरो, पैसे तिथं गेल्यावर, शक्यतो रोख. असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी वाचलेलंही होतं.

निघायच्या चार दिवस आधी रात्री साडेनऊला निरोप आला. एसएमएस नाही, व्हॉट्सॲप नाही. ज्या ॲपवरून खोल्या धरल्या त्याच ॲपमधल्या, त्याच हॉटेलच्या चॅटमध्ये. मी फेब्रुवारीत ‘नाश्ता शाकाहारी मिळेल का’ विचारलं होतं आणि त्यांनी ‘हो, चीज, मध, अंडी’ असं उत्तर दिलं होतं (अंड्यावरून वहिनी हसून बेजार झाल्या होत्या), त्याच्या बरोब्बर खाली हा निरोप. तुमच्या कार्डाची पडताळणी झालेली नाही. १२ तासांत केली नाही तर आरक्षण आपोआप रद्द होईल. पडताळणीपुरती रक्कम अडवली जाईल आणि लगेच मोकळी होईल. खाली लिंक.

अनोळखी नंबरवरून आलं असतं तर मी ढुंकून पाहिलं नसतं. वीजबिलाचे, पार्सलचे, केवायसीचे निरोप मी रोज उडवते. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ अशी पाटी आहे, ती मीच लावलेली आहे. अजून आहे. पण हा निरोप ओळखीच्या घरातून आला होता. माझं नाव बरोबर, तारखा बरोबर, रक्कम बरोबर, फोटोही त्याच छताचा. आणि मनात एकच धास्ती, की खोली जाईल.

कार्डाचे आकडे टाकले. ओटीपी आला आणि इथं एक गोष्ट लक्षात घ्या. हल्ली ओटीपीचा एसएमएस आपण उघडतच नाही. कीबोर्डच्या वर सहा आकडे आपोआप येतात, त्यावर बोट टेकवलं की झालं. किती रक्कम, कुणाला, हे त्या एसएमएसमध्ये लिहिलेलं असतं, पण ते वाचायची वेळच येत नाही. मी बोट टेकवलं. पानावर गोल गोल फिरलं आणि लाल अक्षरं आली : व्यवहार अयशस्वी. कोपऱ्यात मदतीची चॅटची चौकट होती. तिच्यात लगेच कुणीतरी नम्रपणे लिहिलं, ‘कृपया दुसऱ्या बँकेचं कार्ड वापरून पाहा.’

नवऱ्याच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते. मी साताऱ्याला भाऊजींना फोन लावला. ते झोपायच्या तयारीत. तरी उठून चष्मा शोधून त्यांनी कार्डाचे सोळा आकडे चार-चार करून वाचले, मागचे तीन वाचले. मग ओटीपी. त्यांच्या फोनवर काही आपोआप भरलं जात नाही, ते एसएमएस पहिल्या अक्षरापासून वाचतात.

‘अगं, ह्यात हॉटेलचं नाव नाही. भलत्याच कुठल्या कंपनीचं दिसतंय. आणि तीनशे तीस युरो म्हणतंय.’

‘भाऊजी, परदेशात असंच असतं. मधल्या कंपनीचं नाव येतं. तुम्ही आकडे सांगा.’

त्यांनी सांगितले.

पुन्हा अयशस्वी. तिसरं कार्ड कुणाचं मागावं याचा विचार करत मी बसले असताना नवरा जेवणाची भांडी आवरता आवरता म्हणाला, ‘पण पैसे तिकडे जाऊन द्यायचे होते ना?’

पोटात गोळा आला. हॉटेलचा नंबर त्या पानावरून न घेता नकाशावरून शोधून फोन केला. आपल्याकडे साडेदहा, तिकडे संध्याकाळचे सात. एका मुलीनं उचलला. माझं नाव ऐकून क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, ‘आम्ही काहीही पाठवलेलं नाही. तुम्ही पैसे भरले का?’ तिच्या विचारण्यावरूनच कळलं की हे विचारायची तिची पहिली वेळ नाही.

मग काय, धावपळ. दोन्ही कार्डं बंद केली, दोन्ही बँकांकडे तक्रार नोंदवून क्रमांक घेतले, सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरला. दीड तासात सगळं झालं. दोन्ही व्यवहार अर्थातच यशस्वी झालेले होते. ३३० युरो, वर परकीय चलनाची साडेतीन टक्के आकारणी आणि त्या आकारणीवर जीएसटी. प्रत्येकी ३३ हजारांच्या आसपास.

शांतपणे पाहिल्यावर सगळं समोरच होतं. लिंकच्या पत्त्यात सुरुवातीला त्या ॲपचं नाव होतं, मग एक आडवी रेघ, मग काहीतरी अगम्य. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पत्त्यातली पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच आधीचा तुकडा वाचायचा, खरं घर ते. सुरुवातीला कुणीही काहीही लिहू शकतं. दुसरं, ‘पडताळणीपुरती’ म्हणत पूर्ण रक्कम मागितली होती. आणि माझ्या कार्डावर परदेशी व्यवहारांची मर्यादा मीच प्रवासासाठी दोन लाखांवर नेऊन ठेवली होती. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ही कळ आपल्या हातात आहे : परदेशी व्यवहार चालू-बंद करणं, मर्यादा कमी-जास्त करणं. मी ती घरी बसल्या बसल्या, चार दिवस आधी, सताड उघडून ठेवली.

गेलो मात्र. आरक्षण जागेवर होतं, ते कधी रद्द होणारच नव्हतं. चलनाचं प्रीपेड कार्ड होतं, थोडे रोख युरो होते, त्यावर भागवलं.

जिरोकास्तरला बस खालच्या हमरस्त्यावर सोडते. जुना बाजार वर, चढ असा की चाकाची बॅग ओढली तर दगडांवर हाडं खिळखिळी होतात. टॅक्सी विचारली. ‘पाच हजार’ म्हणाला. पाच हजार लेक (हे तिथलं चलन) म्हणजे पन्नास युरोच्या घरात, तेही दहा मिनिटांसाठी! चौघांचीही डोकी तापली. आधीच पोळलेलो. पण वहिनींचे गुडघे पाहून बसलो. वर पोचल्यावर भाऊजींनी रागारागानं स्कंदरबेग या तिथल्या राष्ट्रवीराचं चित्र असलेली पाच हजारांची नोट पुढे केली. ड्रायव्हरनं ती घेतली, खिसे चाचपले आणि साडेचार हजार परत दिले.

१९६५ मध्ये अल्बानियानं लेकमधलं एक शून्य काढून टाकलं. दहा जुने म्हणजे एक नवा. साठ वर्षं झाली तरी माणसं बोलताना जुन्यातच बोलतात. आपल्याकडे १९५७ ला नवे पैसे आले तरी माझी आजी मरेपर्यंत आणेच मोजायची, तसं. सगळे ड्रायव्हर असे सरळ असतील असं नाही. पुढे आम्ही प्रत्येक ठिकाणी फोनवर आकडा टाइप करून दाखवायला लागलो. पण ज्याला मनातल्या मनात चोर ठरवलं त्यानं पैसे मोजून परत केले, याची लाज वाटली.

हॉटेलवर तीच मुलगी. वडील आणि ती मिळून चालवतात. तिनं आधी कॉफी आणली, सोबत चिफची, म्हणजे भात, अंडं आणि पुदिन्याचे तळलेले गोळे, तिथली खासियत. मग लॅपटॉप उघडून झालं कसं ते दाखवलं. एप्रिलमध्ये एका ‘पाहुण्या’चा मेल आला होता : मुलाला ॲलर्जी आहे, डॉक्टरांचा कागद जोडलाय, कृपया वाचा. तिनं बिचारीनं उघडला. त्या क्षणी तिच्या संगणकात काहीतरी शिरलं आणि ॲपवरच्या हॉटेलच्या खात्याचा पासवर्ड गेला. चोर तिच्या खात्यातून आत शिरून, येणाऱ्या पाहुण्यांची यादी समोर ठेवून, एकेकाला निरोप पाठवत होते. आमच्याआधी तिघांना गंडा बसला होता. म्हणजे तिला फसवलं ते तिच्या पाहुणचारावरून आणि मला खोलीच्या हौसेवरून.

तिच्याकडून मी एक पत्र मागून घेतलं. तुम्हीही घ्या. या नावाचे पाहुणे, या तारखा, आम्हाला कोणतीही आगाऊ रक्कम मिळालेली नाही, आमचं खातं चोरीला गेलं होतं, मुक्कामाचे पैसे रोख घेतले. खाली शिक्का आणि सही. तिनं ते इंग्रजीत लिहिलं, वडिलांनी सही केली.

वडील साठी उलटलेले, इंग्रजी बेताचं. मुलगी मध्ये बसून दुभाषाचं काम करत होती. त्यांनी १९९७ चा विषय काढला. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर तिथं महिन्याला आठ-दहा टक्के व्याज देणाऱ्या कंपन्या निघाल्या होत्या. लोकांनी घरं विकली, गुरं विकली, परदेशातून मुलांनी पाठवलेले पैसे घातले. नव्यांच्या पैशातून जुन्यांना व्याज, दुसरं काही नाही. १९९७ च्या जानेवारीत एकेक कंपनी कोसळली. या कंपन्यांची देणी देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मी होती. दक्षिणेत उठाव झाला, शस्त्रागारं लुटली गेली, सुमारे दोन हजार माणसं मेली, सरकार गेलं. भाऊजी सगळं लक्ष देऊन ऐकत होते. त्यांच्या वडिलांची ठेव एका पतसंस्थेत बुडाली होती. त्यांनी विचारलं, ‘तुमचेही गेले का?’

त्या गृहस्थांनी मान डावीकडून उजवीकडे हलवली. भाऊजी म्हणाले, ‘सुटलात.’ मुलगी हसून म्हणाली, ‘नाही, आमच्याकडे अशी मान म्हणजे हो.’

छत मात्र फोटोत होतं त्याहून सुंदर होतं. पहिल्या रात्री मी त्याच्याकडे बघत जागीच होते.

आता निकाल. माझ्या बँकेला ते पत्र, ॲपमधल्या निरोपाचे फोटो आणि तक्रारीचे क्रमांक दिले. ८४ दिवसांनी पैसे परत आले. नेमकं कशामुळे, ते बँकेनं सांगितलं नाही. भाऊजींच्या बँकेलाही तेच कागद दिले. त्यांचा दावा फेटाळला. कारण त्यांनी तक्रारीत जसं घडलं तसं लिहिलं होतं : ‘मी ओटीपी फोनवरून माझ्या भावजयीला सांगितला.’ रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात, चूक आपली नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर आपल्यावर बोजा येत नाही. पण ओटीपी दुसऱ्याला सांगणं ही ग्राहकाची हलगर्जी धरतात आणि कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्याच माथी. मी कार्ड माझं, फोन माझा, ओटीपी माझा म्हणून सुटले असावे.

मी ३३ हजार त्यांच्या खात्यात टाकले. संध्याकाळी ते परत माझ्या खात्यात. पुन्हा टाकले, पुन्हा परत. तिसऱ्यांदा वहिनींचा फोन आला की आता हा पोरखेळ पुरे.

पुतण्याचं म्हणणं, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना ते वाक्य गाळा, ‘मीच टाकला’ लिहा, कोण बघतंय. भाऊजी म्हणाले, ‘सांगितला तर सांगितलाच.’ तक्रार गेल्या महिन्यात दाखल झाली आहे. मसुदा मी टाइप करून दिला. ते वाक्य त्यात दुसऱ्याच ओळीत आहे.