सुब्रतो की शालेय राष्ट्रीय?

भाचा सतरा वर्षांखालच्या गटात खेळतो. इंदूरात फुटबॉल म्हटलं की अजूनही लोक विचारतात, "क्रिकेट का नाही?" होळकरांच्या गावात दुसरं काय व्हायचं! पण ताईचा प्रश्न वेगळाच: सुब्रतो कप ही शाळाशाळांची फुटबॉल स्पर्धा, की राज्यांच्या निवड संघांची शालेय राष्ट्रीय?

शालेय राष्ट्रीय भरवणारा शालेय क्रीडा महासंघ १९५४चा. तिथे जिल्हा, संभाग (म्हणजे विभाग), राज्य अशा पायऱ्या, आणि शेवटी शाळा मागे राहते. निवडलेली मुलं राज्याचा टी-शर्ट घालतात. शाळेचा संघ लवकर हरला तरी चांगल्या पोराला वर जायला वाव असतो. प्रमाणपत्र पुढे खेळाडू कोट्यात कामाला येतं, ते वेगळंच.

सुब्रतो १९६०पासून. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांची ही कल्पना. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते टोकियोत वारले. इथे शेवटपर्यंत शाळाच खेळते. राज्य जिंकलेली शाळा दिल्लीला जाते, बाहेरदेशचे संघही येतात, २०१२पासून मुलींचा गटही आहे. रोज एकाच डब्यातले पोहे खाणारे गोलकीपर आणि डिफेंडर तिथे एकमेकांना न बघता पास देतात. निवडीच्या संघात ते चार दिवसांत कुठून येणार?

माझं मत सुब्रतोकडे. पण भाच्याच्या शाळेत धड अकरा जण जमत नाहीत. परवाच्या सरावाला सात होते, त्यातला एक चपलेत. म्हणून ताईला सांगितलं, यंदा निवड चाचणीला पाठव. आणि जन्मदाखल्यावरची तारीख गुणपत्रिकेशी जुळते का, तेवढं आधी बघ.