कुणी पळून का जात नाही?

मी डायलिसिस टेक्निशियन. काझुओ इशिगुरोची 2005 सालची कादंबरी ‘नेव्हर लेट मी गो’ हातात घेतली ती विषय अवयवांचा म्हणून. अवयव काढून घेण्यासाठी क्लोन करून माणसं वाढवतात, हे मैत्रिणीनं आधीच फोडलं होतं. त्यानं फारसं बिघडलं नाही. लेखकालाही ते शेवटपर्यंत दडवायचं नाहीये.

आधी वैताग. पुस्तक संथ म्हणजे फारच संथ आहे. 31 वर्षांची कॅथी हेलशॅम नावाच्या इंग्लंडातल्या निवासी शाळेच्या आठवणी सांगते आणि दर वेळी ‘त्याआधीचं सांगायला हवं’ म्हणत आणखी मागे जाते. तिच्या मैत्रिणीचा, रूथचा, पेन्सिलींचा पाऊच बाईंनी दिलेला की शाळेतल्या सेलमधून घेतलेला, यावर इतका काथ्याकूट, की मी दोनदा पुस्तक मिटलं.

दुसरा वैताग धंद्यातला. ‘दानं’ चारपर्यंत होतात, पण नेमकं काय काढतात ते धड सांगत नाहीत. एक किडनी, यकृताचा तुकडा, इथवर माणूस जगेल. तिसऱ्या वेळी काय? या हिशेबात कॅथीच्या शाळेतल्या मित्राचा, टॉमीचा, एक अख्खा प्रसंग नुसताच डोळ्यांखालून गेला, परत वाचावा लागला.

आणि कुणी पळून जात नाही! कॅथीकडे गाडी आहे, ती एकटीच गावोगाव फिरते, तरी नाही. बंड होईल म्हणून वाट बघणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

तरीही पाचपैकी साडेतीन देईन. त्यातला एक तारा उशी छातीशी धरून कॅसेटवरच्या गाण्यावर डुलणाऱ्या लहानग्या कॅथीचा. उशी म्हणजे बाळ, आणि मूल तर या मुलांना कधीच होणार नसतं. दुसरा त्या भाषेचा. इथं कुणी मरत नाही, ‘पूर्ण होतं’. आधी हसू आलं. मग आठवलं, आम्हीही ‘तीन नंबर रिकामा झाला’ असंच म्हणतो.

शेवटाकडे हेलशॅमच्या मुख्य बाई मिस एमिली सांगतात, की कॅन्सर बरा होतो हे एकदा बघितलेली माणसं मागे फिरायला तयार नव्हती. त्या माणसांना पुस्तकात चेहरा नाही. माझ्यासमोर आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. सकाळच्या शिफ्टमधले एक काका फोन छातीवर ठेवून झोपतात, रिंग पूर्ण मोठी करून. किडनी मिळाल्याचा फोन चुकायला नको. तो आला तर ती कुणाची, हे काका विचारणार नाहीत. मीही त्यांना विचारा म्हणणार नाही.

परवा माझ्या टेबलावर पुस्तक बघून त्यांनी विचारलं, “कशावर आहे गं?”

“शाळेतल्या मैत्रिणींवर,” म्हटलं आणि मशीनचं प्रेशर बघायला वळले.